ऋण सोडलं, पण पुन्हा जामीन राहायचं का?

नगरची_लेक (रविवार, रात्री १०.२०)

सर्वांना जय ख्रिस्त. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शिक्षिका, वय ४७. माझ्या पाठचा एकच भाऊ, चार वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. त्याच्या फीचे पैसे, त्याची पहिली सायकल, सगळं माझ्या पहिल्या पगारांतून झालं आणि ते करताना मला आनंदच होता. २०१८ मध्ये त्याने टेम्पो घ्यायला पतसंस्थेतून चार लाखांचं कर्ज काढलं. पगारदार जामीनदार हवा होता. मी सही केली. सख्खा भाऊ, त्यात विचारायचं काय?

त्याने आठ हप्ते भरले. मग टेम्पो विकला. पैसे कुठे गेले ते आजही कळलेलं नाही. पतसंस्थेची नोटीस माझ्या घरी नाही, शाळेत आली, मुख्याध्यापकांच्या टेबलावर. तिथून पुढे साडेतीन वर्षं माझ्या पगारातून महिन्याला ९,५०० रुपये कापले गेले. मुलाची बारावी त्याच काळात होती, त्याला क्लास लावता आला नाही. आईने लग्नात घातलेल्या दोन बांगड्या मोडल्या. गेल्या वर्षी कर्ज फिटलं. एवढ्या काळात भाऊ एकदाही "ताई, माझं चुकलं" म्हणाला नाही. नाताळला यायचा, करंज्या खायचा, मुलांशी हसायचा आणि जायचा.

आता तो पुन्हा आला आहे. मंडप-डेकोरेशनचा धंदा टाकायचा आहे, तीन लाख हवेत आणि जामीनदार मीच हवी. मी नाही म्हटलं तर आई रडायला लागली. ती ७६ वर्षांची आहे, त्याच्याकडेच राहते. "देवाची लेक म्हणवतेस आणि मागचं धरून बसतेस?" आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनीही उपासनेनंतर मला बाजूला घेतलं. म्हणाले, प्रभूने साताच्या सत्तर पट क्षमा करायला सांगितली आहे, तुमची तर अजून दुसरीच वेळ आहे.

हे फार आत गेलं. आपण प्रभूच्या प्रार्थनेत रोज म्हणतो, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." लहानपणापासून तोंडपाठ. त्यातला ऋण हा शब्द मला कधी पैशांचा वाटलाच नव्हता. आता त्या ओळीपाशी आले की जीभ अडते. आज प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षारस घ्यायची उपासना. प्याला जवळ आला आणि मी मान खाली घालून बसून राहिले. हा सलग चौथा महिना. शेजारच्या बाईंनी कोपराने हलवलं, त्यांना वाटलं माझं लक्ष नाही.

मी त्याला क्षमा केली आहे का, हे मला कसं कळणार? आणि केली असेल तर सहीसाठी हात का उचलत नाही?

---

नीलमोहर (रविवार, रात्री १०.५१)

सही करू नका. बाकीचं सकाळी बोलू. आज झोपा, ताई.

---

पतपेढीतला_माणूस (सोमवार, सकाळी ७.१५)

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्रार्थनेबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण २२ वर्षं पतसंस्थेत वसुली पाहिली आहे, तेवढं सांगतो.

लोकांना वाटतं जामिनाची सही म्हणजे साक्षीदाराची सही. तसं नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, त्याचं असेल नसेल ते विकावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं काही बंधन नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात कलम १०१ चा वसुली दाखला आहे, कलम ४९ खाली पगारातून कपात आहे. फिरत्या धंद्याचा माणूस सापडत नाही, फोन बदलतो, गाव बदलतो. शाळेतल्या बाई रोज शाळेतच असतात. पगारदार जामीनदार मागतात तो एवढ्याचसाठी. तुमच्या भावाची नियत चांगली असली तरी कागद असाच चालतो.

अजून एक. तुम्ही जे भरलंत ते भावाकडून मागण्याचा हक्क त्याच कायद्याने तुम्हाला दिला आहे. मागा असं मी म्हणत नाही. पण ते तुमचं येणं होतं. तुम्ही सोडलंत तर ते तुम्ही सोडलेलं आहे, वाऱ्यावर उडालेलं नाही. घरच्यांनी हे एकदा तरी म्हणून दाखवायला हवं होतं.

---

नगरची_लेक (सोमवार, दुपारी १.४०)

दादा, मधल्या सुट्टीत हे वाचलं आणि स्टाफरूममध्ये डोळे भरून आले. घरी सगळे "फिटलं ना आता" एवढंच म्हणतात. कोणी फेडलं ते कुणाच्याच बोलण्यात येत नाही.

---

दीपस्तंभ (सोमवार, सायंकाळी ६.०५)

भगिनी, तुमचं दुःख मोठं आहे, ते लहान करून सांगायचं नाही. पण पहिलाच प्रतिसाद "सही करू नका" असा आला म्हणून लिहितो आहे. माझं वय ७१. 'आपल्या सीमा', 'आपली स्पेस' हे शब्द आमच्या मंडळीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत आले. आधी आम्ही त्या ठिकाणी क्रूस म्हणत होतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल म्हणतो, प्रीती अपकारांचा हिशोब ठेवत नाही. प्रभूच्या दाखल्यात वाटणीचे पैसे उडवून परत आलेल्या उधळ्या पुत्राच्या बापाने उंबऱ्यावर अटी घातल्या नाहीत, तो धावत गेला. आणि जामीनच म्हणाल तर इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात, बाविसाव्या वचनात, येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. आपण फेडू शकत नव्हतो हे ठाऊक असून तो जामीन राहिला.

मी माझ्या भावाचं दुकानाचं देणं १९९६ ला भरलं. दोन वर्षांनी पुन्हा भरलं. तिसऱ्यांदाही भरलं. लोक मला भोळा म्हणाले. २००३ मध्ये त्याचं जीवन पालटलं. माझी पत्नी शेवटचे चार महिने अंथरुणाला होती तेव्हा रात्री उशाशी तोच बसायचा, मला झोप मिळावी म्हणून. तिसऱ्या वेळी मी दार लावलं असतं तर? हा विचार अजून मला हलवतो. म्हणून म्हणतो, घाई करू नका.

---

वाटसरू (सोमवार, रात्री ११.३०)

काका, तुमची साक्ष वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तिच्याशी वाद घालायचा नाही. पण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मी पुण्यात चार वर्षं थिऑलॉजी शिकलो, आता एका लहान मंडळीत सेवा करतो. दर दोन-चार महिन्यांनी हाच प्रश्न घेऊन कोणीतरी येतं आणि बहुतेक वेळा ती बाईच असते.

पहिलं, त्या 'साताच्या सत्तर पट'बद्दल. ते मत्तय १८ मध्ये बाविसावं वचन आहे. ते सांगणाऱ्यांनी पंधरापासून वाचायला हवं. तिथे प्रभू सांगतो, भावाने तुझा अपराध केला तर आधी एकटा जा आणि त्याला त्याची चूक दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्यासारखा, जकातदारासारखा होवो. हे एकाच अध्यायात, एकाच बोलण्यात आहे. लूक १७ मध्ये तर एकाच वचनात दोन्ही येतं: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आमच्याकडे पहिला अर्धा भाग गाळून दुसऱ्या अर्ध्यावर उपदेश होतो. त्या वडीलधाऱ्यांनी तुम्हाला बाजूला घेतलं. भावाला बाजूला घेतलं का?

दुसरं, उधळ्या पुत्राचा बाप. तो धावला, मिठी मारली, अंगठी घातली, मेजवानी केली. पण लूक १५ च्या शेवटी तो मोठ्या मुलाला काय म्हणतो ते पाहा: जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. धाकट्याचा वाटा उडून गेला होता आणि बापाने उरलेली मालमत्ता पुन्हा दोघांत वाटली असं तिथे कुठेच नाही. शिवाय मुलगा दूर देशात असताना बापाने त्याच्यामागे पैशांची थैली पाठवली नाही. तो रस्त्याकडे डोळे लावून होता. परत आला तो मुलगा, आणि येताना "मी पाप केलं आहे" हे वाक्य घेऊन आला. बापाने ते ऐकण्याआधीच मिठी मारली हे खरं. पण मुलगा वाटेला लागला होता.

तिसरं, जामीन. हे मला स्वतःला फार उशिरा दिसलं. पवित्र शास्त्र या विषयावर अगदी उघड बोलतं. नीतिसूत्रे ६, पहिली पाच वचनं: शेजाऱ्यासाठी जामीन राहिला असशील तर डोळ्याला झोप लागू देऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तशी स्वतःची सुटका करून घे. हा लोभी माणसाला दिलेला सल्ला नाही, मुलाला प्रेमाने केलेला बोध आहे. पण काका म्हणतात तेही शास्त्रातच आहे, ते दडवून कसं चालेल? फिलेमोनाच्या पत्रात पौल फिलेमोनाच्याच अनेसिम नावाच्या दासासाठी त्याला म्हणतो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं काही देणं असेल, तर ते माझ्या नावे मांड. आणि पुढच्याच वचनात हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे असं म्हणतो. ती जामिनाची सहीच आहे. फरक असा की अनेसिम तोवर बदललेला होता, पौलाने त्याला तुरुंगात जवळून पाहिलं होतं आणि पौलावर कोणी रडून दबाव आणलेला नव्हता. प्रभूही योहान १० मध्ये आपल्या जिवाबद्दल म्हणतो की तो कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. काका, तुम्ही तुमच्या हातातले पैसे, स्वतः ठरवून दिलेत. ताईंकडून पुढची चार-पाच वर्षं मागितली जात आहेत, आणि नाही म्हटलं तर तुमची भक्ती खोटी, असं सांगून.

योसेफाबद्दलही लिहायचं होतं, पण बारा वाजत आले. उद्या.

---

जुन्या_वाड्यातली (मंगळवार, सकाळी ९.२२)

आमच्याकडे या गोष्टीचं नाव हक्कसोडपत्र. भावाने पेढे आणायचे, बहिणीने माया म्हणून सही करायची, आणि वाटा मागितला की माहेर तुटलं. मी सही केली नाही. तीन वर्षं रक्षाबंधनाला कोणी बोलावलं नाही, चौथ्या वर्षी बोलावलं. धर्म वेगळे असतील, सहीच्या कागदापुढे बसलेली बहीण मात्र सगळीकडे तीच आहे.

---

मोगरा_वसई (मंगळवार, दुपारी ३.१०)

मी कॅथलिक. आमच्या मिस्सात ही प्रार्थना म्हणताना ऋण येत नाही, अपराध येतात. त्यामुळे तुमची ओळ मला आज नव्याने ऐकू आली.

माझं पैशांचं नव्हतं. नवरा प्यायचा आणि हात उचलायचा. दुसऱ्या दिवशी पाया पडायचा. मी माफ करायचे. खोटं नाही, मनापासून करायचे. आणि दर वेळी परत जायचे, कारण माफ केलं म्हणजे परत जायलाच हवं, अशी माझी समजूत होती. सासूबाई म्हणायच्या, ज्याचा त्याचा क्रूस. २०१९ च्या पावसाळ्यात हे धाकट्यासमोर झालं. पाच वर्षांचा होता. तो रडला नाही, माझ्याकडे आला नाही, बाबांकडेही गेला नाही. कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसला आणि दोन तास बाहेर आला नाही.

त्या शनिवारी मी पापनिवेदनाला गेले आणि "मला नवऱ्याला क्षमा करता येत नाही" हे पाप म्हणून सांगितलं. फादरांनी एवढंच विचारलं, "आज रात्री तू त्या घरात सुरक्षित आहेस का?" मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, मुलांना घेऊन आईकडे जा, हे पाप नाही. पुढे त्यांच्या ऑफिसात त्यांनी मला चर्चची १९८३ ची धर्मसंहिता उघडून दाखवली. कॅनन ११५३. जोडीदारापासून दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे, आणि उशीर करण्यात धोका असेल तर परवानगीची वाट न पाहताही जाता येतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर जे लिहिलं त्यातही आहे की काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं. माझं लग्न मोडलेलं नाही. मी वेगळी राहते. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडेही गेले, ते वेगळं प्रकरण आहे. कोणाला गरज असेल तर महिलांसाठी १८१ हा नंबर आहे, एवढं लिहून ठेवते.

सांगायचं होतं ते हे. वेगळी राहायला लागल्यावर मला क्षमा करता आली. आधी नव्हती आली. आधी ती भीती होती, मी तिला क्षमा म्हणत होते. आता तो नाताळात माझ्या आईच्या घरी मुलांना भेटायला येतो, दिवसा, आई-बाबा घरात असताना. मी त्याला जेवायला वाढते. मनात विष नसतं. संध्याकाळी तो जातो आणि मी दाराला कडी लावते.

आणि पापनिवेदनाबद्दल एक. फादर पापमुक्ती देतात, पण चोरी केली असेल तर चोरलेलं परत करायलाही सांगतात. प्रभू आपण होऊन जकातदार जक्कयाच्या घरी उतरला, आणि जक्कय उभा राहून म्हणाला, ज्याला लुबाडलं त्याला चौपट देतो. तुमचा भाऊ करंज्या खाऊन गेला, ताई.

---

नीलमोहर (मंगळवार, दुपारी ३.३४)

मोगरा, कपाटाची फट वाचून मी उठून माझ्या मुलीला जवळ घेतलं. ती विचारते आहे काय झालं.

---

दीपस्तंभ (मंगळवार, रात्री ८.५०)

मोगरा, मुली, तुझं वाचलं. माझ्या काल लिहिण्यात क्रूस हा शब्द आला. तू तो सासूबाईंच्या तोंडून ऐकलेला आहेस हे कळल्यावर मला माझंच लिखाण पुन्हा वाचवेना. प्रभूने आपला क्रूस स्वतः उचलला. दुसऱ्याच्या पाठीवर तो लादायचं काम रोमी शिपायांनी केलं, शिमोन कुरेनेकराला त्यांनीच वेठीस धरलं. हे मी इतकी वर्षं वाचतो आहे.

नगरच्या भगिनींच्या बाबतीत मात्र मी अजून ठाम झालेलो नाही. वाटसरूंनी योसेफाबद्दल लिहावं.

---

वाटसरू (बुधवार, सकाळी ६.४०)

भावांनी विकलेल्या योसेफाची गोष्ट आपण रविवार शाळेत अंगरख्यापासून शिकतो आणि शेवटी मिठीवर संपवतो. मधले तीन अध्याय कोणी शिकवत नाही. दुष्काळात भाऊ धान्य घ्यायला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये येतात, जिथे योसेफ आता अधिकारी आहे, योसेफ त्यांना ओळखतो, आणि लगेच मिठी मारत नाही. तो बाजूला जाऊन रडतो. रडतो म्हणजे प्रेम आहे. तरी परत येऊन तो दुभाष्यामार्फतच बोलतो. शिमोनाला ठेवून घेतो. धान्य देतो, एवढंच नाही तर त्यांचे पैसे गुपचूप त्यांच्याच गोण्यांत परत ठेवतो. म्हणजे पोटाला कमी पडू दिलं नाही आणि किंमतही घेतली नाही. पण आपण कोण हे सांगितलं नाही. त्याला पाहायचं होतं की ज्यांनी मला विकलं ते आज धाकट्या भावाला, बन्यामीनालाही टाकून जातात का.

आणि मग उत्पत्ती ४४ मध्ये यहूदा पुढे येतो. विकून टाकू हे ज्याने सुचवलं होतं तोच यहूदा. त्याने घरून निघताना बापाला शब्द दिलेला असतो की या मुलासाठी मी जामीन आहे. आता तो म्हणतो, मुलाला जाऊ द्या, त्याच्याऐवजी मला गुलाम करून ठेवा. पंचेचाळिसाव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत योसेफाला आवरत नाही आणि तो सगळं सांगून टाकतो.

ताई, त्या गोष्टीत जामीन राहतो तो ज्याने विकलं तो. ज्याला विकलं त्याच्याकडे कोणी जामीन मागत नाही.

ऋण सोडण्याबद्दल माझं मत सांगतो, मग थांबतो. मूळ ग्रीकमध्ये 'सोड' यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ हातातून जाऊ देणं असाच आहे. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी तो फार नेमका आणला. ते चार लाख तुम्ही हातातून जाऊ दिले असतील तर प्रार्थनेतली ओळ तुमची आहे, ती म्हणा. त्यासाठी भावाच्या परवानगीचीही गरज नाही. नवीन सही हे जुनं ऋण सोडणं नाही, ते आपला हात पुन्हा त्याच्या हातात देणं आहे. त्याबद्दल या प्रार्थनेत काहीही मागितलेलं नाही.

---

केडगावची_पणती (बुधवार, सकाळी ११.००)

माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. घरात पंडिता रमाबाई म्हणजे दुसऱ्या पणजीच. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला तेव्हा तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना आईसारख्या होत्या. मुलगी मनोरमा तर त्यांना आजीबाई म्हणायची. पण आपल्या विश्वासाबद्दल आणि मुलीच्या वाढवण्याबद्दल दुसरं कोणी निर्णय घेणार, हे रमाबाईंनी मान्य केलं नाही. विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही, अशा आशयाची कडक पत्रं त्यांनी लिहिली. आणि नातं तोडलं नाही, पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालू राहिला. त्या वेळी त्या परदेशात होत्या, विधवा, पदरी लहान मूल, आणि आसरा त्याच लोकांचा. मला जेव्हा जेव्हा नाही म्हणायला भीती वाटते तेव्हा मी तो प्रसंग आठवते.

---

मिरजेची_सिस्टर (बुधवार, रात्री ९.१५)

निवृत्त परिचारिका आहे. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. भावाचे पैसे कुठे गेले ते कळलं नाही असं तुम्ही लिहिलंय, ते मला खटकलं. मी शंका घेत नाही, पण शोधून काढा. दारू असेल, ऑनलाईन जुगार असेल, खासगी सावकार असेल, तर तीन लाखांचं कर्ज म्हणजे आगीत रॉकेल. दारू असेल तर घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, तिथे जाऊन नुसतं बसलं तरी फरक पडतो.

आम्ही नातेवाइकांना एक साधी गोष्ट सांगायचो. रोख देऊ नका. डबा द्या, औषध द्या, मुलांची फी थेट शाळेत भरा. मायेला वाट मिळते आणि पैसा भलतीकडे जात नाही. आणि नाही म्हणायचं ते आईमार्फत नको, फोनवर नको. समोर बसून, एकदाच, शांतपणे. कारणं देत बसू नका. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो.

---

नगरची_लेक (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.४५)

तुम्ही सगळे विचारत होतात. सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी भावाकडे गेले. एकटी आधीच जाऊन आले होते, म्हणून या वेळी मामांना बरोबर घेतलं, मत्तय १८ मध्ये आहे तसं. आदल्या रात्री वहीत काय बोलायचं ते लिहून पाठ केलं होतं. तिथे गेल्यावर वही पिशवीतच राहिली.

मी म्हटलं, ते चार लाख मी सोडले. मागणार नाही, टोमणा मारणार नाही, तुझ्या मुलांसमोर कधी बोलणार नाही. पण तू मला दुखवलंस, आणि ते तू ऐकायला हवं म्हणून आज सांगते. नोटीस शाळेत आली त्या दिवसाचं सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं. तो खाली बघत होता. मग म्हटलं, जामीन मी राहणार नाही. आत्ताही नाही, पुढेही नाही. भाचीचा एमएस-सीआयटीचा क्लास मी लावते, फी तिथेच भरते. पैसे कुठे गेले हेही मामांनी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही.

तो एवढंच म्हणाला, "मग सोडले कसले?" आणि चप्पल घालून बाहेर गेला. आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. ते आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही. दोनदा वाटलं, जाऊन सही करून टाकावी आणि हे संपवावं. मोगरा, त्या वेळी तुझी कडी आठवली.

उत्तम शुक्रवारी प्रभूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना होती. पहिला उद्गार, "हे बापा, त्यांना क्षमा कर." इतकी वर्षं ऐकते आहे. या वेळी लक्षात आलं की खाली उभे असलेले कोणीच क्षमा मागत नव्हते, आणि ते मागत नसतानाही प्रभूने ती पित्याकडे मागितली. मी तिथे बसल्या बसल्या भावाचं नाव घेऊन तेच म्हटलं. नुसतं म्हणायचं म्हणून नाही. खरंच त्याचं भलं व्हावं असं वाटलं. त्याचा धंदा चालावा असंही वाटलं.

पुनरुत्थानाच्या रविवारी प्रभुभोजन घेतलं. प्रार्थनेत त्या ओळीपाशी जीभ जरा अडली, मग पुढे गेली. भाऊ उपासनेला आला नव्हता.

---

दीपस्तंभ (रविवार, रात्री १०.३०)

भगिनी, तीन आठवडे माझ्या भावाशी याच विषयावर बोललो. त्याला विचारलं, मी तिसऱ्यांदा भरलं म्हणून तू बदललास का? तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "नाही रे दादा. तिसऱ्यांदा भरलंस तेव्हा मला वाटलं, चौथ्यांदाही भरेल. मी बदललो ते दुकानातल्या जुन्या नोकराने पगार मागताना माझ्यासमोर हात जोडले तेव्हा." हे मला बावीस वर्षांत त्याने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. भरल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण तुम्हाला मी जे सांगितलं त्यासाठी मनापासून क्षमा मागतो. तुमच्या भावासाठी रोज पहाटे प्रार्थना करतो आहे.

---

नगरची_लेक (रविवार, रात्री ११.०५)

काका, क्षमा कसली. तुमची प्रार्थना हवी आहे, थांबवू नका.

एक लिहायचं राहिलं. आज दुपारी भाऊ आला होता, आईला महिनाभर माझ्याकडे सोडायला. दारातच थांबला. चहा घे म्हटलं, तर घाई आहे म्हणाला. आईची बॅग आत ठेवली, गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि गेला. आत्ता रात्रीची गोळी काढायला पिशवी उघडली तर प्रत्येक पाकिटावर त्याने पेनाने लिहून ठेवलं आहे, सकाळ, दुपार, रात्र, आणि बीपीच्या गोळीवर 'जेवणाआधी', खाली दोन रेघा मारून.